आलापल्लीच्या वाटेवरील मिस्त्री

१९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधण्यास प्रारंभ केला, आणि चांदा जिल्ह्याच्या मुलखात, ज्यातून पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला, आलापल्लीचे सागवान वाहणाऱ्या बैलगाडीच्या जोडीला जसजशी ही इंजिने आली, तसतसा त्यांची नाडी पाहणारा मिस्त्रीही सडकेच्या कडेला दुकान मांडून बसला.

त्याचा खरा वैरी धूळ. जुन्या गाड्यांच्या एअर फिल्टरच्या तळाशी तेल असे; ते वेळेवर बदलले नाही, की उन्हाळ्यातील जंगलवाटेची धूळ सिलिंडरात शिरून रिंगा व लायनर झिजवी, आणि ज्वलनातील वायू पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरात उतरे. मिस्त्रीमंडळी यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. परीक्षा साधी, आणि माझ्या मते आजच्या पिकअपलाही तितकीच लागू: गरम इंजिन मंद चालू ठेवून ऑइलचे झाकण सैल करून उलटे ठेवावे, ते थडथडू लागले आणि तोंडातून धुराचे लोट सातत्याने निघाले, तर संशय बळावतो. तथापि तेवढ्यावर इंजिन खोलणे हा अन्याय होय, कारण तुंबलेला ब्रीदर किंवा निकामी टर्बोही हेच लक्षण दाखवितो. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजल्यावाचून निवाडा देऊ नये.

तपासणीच्या पट्टीवर ऑइल कमी दिसले, तर गाडी सपाटीवर थंड होऊ देऊन पट्टी पुन्हा पाहावी, खाली गळती शोधावी. गळती नसून धूर निळा असेल, तर ऑइल जळते आहे.