सासर, माहेर आणि स्वर्गीय वर : मराठी ख्रिस्ती भक्तीतील विवाहरूपकाचा विचार

१

ईश्वर आणि भक्त यांच्या संबंधास विवाहाचे रूपक देण्याची प्रथा ख्रिस्ती परंपरेत फार प्राचीन आहे. होशेय, यशया इत्यादी संदेष्ट्यांनी इस्राएल राष्ट्राला परमेश्वराची पत्नी कल्पिले. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त हा पती आणि मंडळी ही त्याची पत्नी असे नाते सांगितले. प्रकटीकरणाच्या ग्रंथाचा शेवटही एका विवाहोत्सवाने होतो. तिसऱ्या शतकात ओरिजेनने गीतरत्नावर भाष्य लिहून या काव्यातील वधू म्हणजे मंडळी आणि प्रत्येक जीवात्माही होय, असा अर्थ लावला. बाराव्या शतकात क्लेअरव्हो येथील बर्नार्डने त्याच काव्यावर ८६ प्रवचने रचली, तरी तिसऱ्या अध्यायाच्या प्रारंभापलीकडे त्याचे विवरण गेले नाही. स्पेनमधील आविला येथील तेरेसा हिने १५७७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात साधनेचे सात महाल वर्णिले आणि सातव्या महालात आध्यात्मिक विवाह ठेवला.

हे रूपक महाराष्ट्रात आले तेव्हा येथील भक्तिपरंपरेशी त्याचा मेळ कितपत बसला, याचा विचार येथे करावयाचा आहे. रूपकाचा अर्थ केवळ धर्मग्रंथावरून ठरत नाही. ऐकणाऱ्याच्या घरात लग्न कसे होते, लग्नानंतर मुलगी कोठे जाते आणि तेथे तिच्या वाट्यास काय येते, यावरही तो ठरतो. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात या अंगाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

२

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे या प्रश्नाची मांडणी करण्यास सोयीचे स्थळ आहे. मोसम आणि गिरणा या नद्यांच्या परिसरातील हे गाव नारोशंकर राजेबहादूर यांच्या किल्ल्यामुळे प्रसिद्धीस आले. १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून तो किल्ला घेतला. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा निर्माण होईपर्यंत मालेगाव खानदेशात मोडत असे आणि भोवतालच्या खेड्यांतील अहिराणी बोली आजही त्या नात्याची साक्ष देते. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिक येथे कार्य आरंभिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मालेगाव हेही तिचे एक ठाणे झाले.

या प्रदेशात दहा कुमारींचा दृष्टांत सांगणाऱ्या उपदेशकास फारसे स्पष्टीकरण करावे लागण्याचे कारण नव्हते. वर येण्यास उशीर होणे, मध्यरात्री तो आल्याची हाक उठणे, दिवे घेऊन त्याला सामोरे जाणे हे सर्व श्रोत्यांच्या नित्य परिचयाचे होते. वऱ्हाडाची वाट पाहणे आणि वेशीवर वराचे पूजन करणे हे येथील लग्नाचेच भाग होत. दृष्टांताचे बाह्य रूप अशा रीतीने आपोआप मराठी होते.

अडचण पुढे उत्पन्न होते. वर आला, लग्न लागले, आणि वधू त्याच्या घरी गेली. मूळ रूपकात हा आनंदाचा कळस आहे. खानदेशातील स्त्रीच्या गाण्यांत मात्र येथूनच दुःखाचा आरंभ होतो. या भागातील स्त्रियांचा सर्वांत मोठा सण अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे आखाजीचा. त्या वेळी मुराळी जाऊन सासुरवाशिणीला माहेरी आणतो, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि त्या गाण्यांतून सासरचा जाच मोकळेपणाने सांगितला जातो. चार दिवसांनी परत जाण्याची वेळ येते. ज्या समाजात स्त्रीचे सुख असे माहेराशी बांधलेले आहे, त्या समाजात ईश्वराचे घर हे सासर मानावयाचे, की माहेर?

मालेगावच्या वस्तीत या प्रश्नाला आणखी एक उत्तर ऐकू येई. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमान विणकरांनी या गावाचे स्वरूप पालटले. मराठीतही रूढ असलेला ‘उरूस’ हा शब्द विवाहवाचक अरबी शब्दापासून आला आहे. सूफी परंपरेत संताची पुण्यतिथी हा त्याच्या आत्म्याच्या प्रियतमाशी झालेल्या मीलनाचा दिवस होय. मृत्यूकडे विवाह म्हणून पाहण्याची कल्पना ही केवळ ख्रिस्ती मंडळींची मिरास नव्हती.

३

मराठी वाङ्मयात देवाच्या लग्नाचे वर्णन आरंभापासून आहे. महदाइसेचे ‘धवळे’ हे मराठीतील आद्य स्त्रीकाव्य मुळात लग्नगीतच होय, आणि त्याचा विषय कृष्ण-रुक्मिणीचा विवाह हा आहे. नरेंद्राने तेच कथानक काव्यात आणले. एकनाथांनी १५७१ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण करताना त्या विवाहात जीव-शिवाच्या ऐक्याचा अर्थ भरला. या परंपरेत निवड वधूची आहे. रुक्मिणी पत्र धाडते आणि कृष्णास बोलावून घेते. बायबलमध्ये याउलट निवड ईश्वराची आहे. यहेज्केलाच्या ग्रंथात रानात टाकून दिलेल्या अर्भकास तोच उचलतो, वाढवतो आणि पुढे तिच्याशी विवाहकरार करतो. हा भेद लहान नाही. एकीकडे भक्ताची उत्कंठा प्रथम येते, तर दुसरीकडे ईश्वराची कृपा.

वारकरी परंपरेचा मुख्य कल मात्र वेगळा आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आणि अनेक संतांच्या गौळणी यांत विरहिणीची भूमिका आढळते हे खरे. पण ती बहुधा गोपीची भूमिका आहे, विवाहित पत्नीची नव्हे. विठ्ठलाशी असलेले सर्वांत जिव्हाळ्याचे नाते आई-लेकराचे आहे. विठ्ठल हा विठाई होतो आणि ज्ञानेश्वर माउली होतात. एकनाथांनी पंढरीला माहेर म्हटले. तुकारामांनी आयुष्याच्या अखेरीच्या अभंगांत माहेरच्या निरोपाची आणि न्यायला येणाऱ्या मुळाची वाट पाहिली. या परंपरेत संसार हे सासर आणि देव हे माहेर असल्यामुळे देवाकडे जाणे म्हणजे घरी परतणे होय.

ख्रिस्ती विवाहरूपक आणि वारकरी माहेररूपक यांची दिशा अशी परस्परविरुद्ध दिसते. एकात भक्त वधू होऊन नव्या घरी जातो, दुसऱ्यात सासुरवाशीण होऊन जुन्या घरी परततो.

४

गोव्यात हे रूपक प्रथम संस्थेच्या स्वरूपात अवतरले. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये संत मोनिकेचा मठ स्थापन झाला. तेथील जोगिणी ख्रिस्ताच्या वधू म्हणून व्रतस्थ होत. परंतु त्या मठाचे जीवन पोर्तुगीज समाजाशी निगडित होते आणि मराठी भक्तिकाव्याशी त्याचा संबंध आला नाही. त्याच सुमारास, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले. स्टीफन्स यांनी ओवीचा छंद आणि पुराणाची रचना स्वीकारली. कथाकाराला येशूच्या चरित्रातील घटना सांगावयाच्या होत्या. वधूभावाची अंतर्मुख साधना हा त्या ग्रंथाचा प्रधान हेतू नव्हता.

तो अंतर्मुख सूर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या रचनेत उमटला. करजगाव येथे जन्मलेले टिळक नाशिकास शिकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती आणि त्यांची अभंगरचना पाहता ही केवळ कृतज्ञतेची भाषा नव्हे. पाश्चात्य साधकांचे वधूरूपक त्यांच्यासमोर मोकळे होते, तरी त्यांच्या कवितेचा ओढा आईकडेच राहिला. ख्रिस्ताला त्यांनी माता आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी एकत्र आळविले. यात पाश्चात्य परंपरेचे विस्मरण आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठी कानाला जवळीक ज्या शब्दाने जाणवते तो शब्द त्यांनी घेतला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. टिळकांच्या हाती ख्रिस्त भक्ताचे माहेर झाला.

विवाहरूपकाची मराठीतील आणखी एक कसोटी विधवांच्या संदर्भात दिसते. ज्या बालविधवेला लग्नाच्या मांडवात पाऊल ठेवण्याची बंदी, तिला ईश्वराची वधू हा शब्द कसा ऐकू येणार? पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन स्थापिले व पुढे केडगावी मुक्ती सदन उभारले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायात वैधव्याची लाज तू विसरशील, तुझा निर्माणकर्ताच तुझा पती आहे, अशा आशयाचे आश्वासन आहे. हा अध्याय एका विधवेने मराठीत आणला आणि ज्यांच्यासाठी आणला त्यांतील कित्येक स्त्रिया विधवाच होत्या. येथे रूपकाला अलंकाराहून वेगळे कार्य प्राप्त होते. समाजाने अमंगल ठरविलेल्या स्त्रीचे मांगल्य ते तिला परत देते.

५

विवाहरूपकाची सर्वांत कठोर परीक्षा मात्र काव्यात झाली नाही. ती एका खऱ्या संसारात झाली. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचा विवाह अकराव्या वर्षी टिळकांशी झाला. टिळकांच्या धर्मांतराने हा संसार मोडल्यासारखा झाला. मुलगा दत्तू यास घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने राहिल्या आणि त्यांतील काही काळ त्यांचे वास्तव्य पंढरपुरात होते. वारकऱ्यांच्या माहेरी ही पतीपासून दुरावलेली स्त्री दिवस काढीत होती. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित व्यक्तीला, सोडून गेलेल्या जोडीदारापासून ठरावीक कार्यपद्धतीनंतर विवाहविच्छेद मिळविण्याची व पुनर्विवाहाची मुभा दिली होती. टिळकांनी दुसरा विवाह केला नाही.

सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे आल्या. तरी त्यांनी आपले सोवळे लागलीच टाकले नाही. पतीच्या घरी राहूनही त्यांचा आचार निराळा होता. जातिभेद मनुष्यकृत आहे हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा तो आचार गळून पडला, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीने पतीच्या धर्मात निमूटपणे जावे, हा रूढ संकेत येथे पाळला गेला नाही. पती थांबला आणि पत्नी आपल्या पायांनी आली. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही सर्व हकीकत त्यांनी विनोदाची झालर लावून, कोठेही तत्त्वज्ञानाचा आव न आणता सांगितली आहे.

या हकीकतीच्या प्रकाशात मूळ शास्त्रवचनाकडे पुन्हा पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. पौलाने ज्या वचनावर आपले रूपक उभारले ते उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील आहे, आणि त्यात आईबाप सोडून जाणारा पुरुष आहे, स्त्री नव्हे. मंडळीसाठी स्वतःला अर्पण करणाराही पतीच आहे. प्रकटीकरणातील वधूरूपी नवी यरुशलेम नगरी स्वर्गातून खाली उतरते आणि देव मनुष्यांमध्ये वस्तीला येतो. घर सोडण्याचा भार या रूपकाने वधूवर टाकलेला नाही. तो वराने उचलला आहे. सासरच्या अनुभवामुळे मराठी श्रोत्याला जी अडचण वाटते, तिचे उत्तर मूळ ग्रंथातच होते. मराठी लग्नाच्या रूढीमुळे ते झाकले गेले.

६

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मराठी ख्रिस्ती काव्यात वधूभावापेक्षा मातृभाव प्रबळ झाला तो उसनवारीच्या उणिवेमुळे नव्हे. वारकरी परंपरेने देवाला माहेर मानून त्यासाठी जी भाषा घडविली होती, तिच्या सामर्थ्याने तो झाला. दुसरा असा की, विवाहरूपक मराठीत जेथे खरोखर रुजले तेथे ते गीतातून रुजलेले दिसत नाही. विधवांसाठी केलेल्या भाषांतरात आणि एका स्त्रीच्या गद्य आत्मचरित्रात ते रुजले. तिसरा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. धर्मातील रूपक एका समाजातून दुसऱ्या समाजात जाते तेव्हा शब्दांचे भाषांतर सहज होते. वर, वधू, वऱ्हाड, दिवा हे शब्द मालेगावच्या श्रोत्याला प्रथमच भेटत नव्हते. भाषांतर अडते ते अनुभवापाशी. लग्न हा शब्द ऐकून आखाजीला माहेरी आलेल्या स्त्रीच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते, ते आविलाच्या मठातील जोगिणीपुढे उभे राहत नाही.

म्हणून ख्रिस्ती भक्तीच्या मराठी इतिहासात टिळकांच्या अभंगांबरोबर लक्ष्मीबाईंचे गद्यही ठेवून वाचणे आवश्यक आहे. अभंगांनी देवाला माहेर केले. वराने घर सोडून यावे आणि वधूने स्वतःच्या पावलांनी यावे असे घर कसे असते, याचा मराठीतील दाखला ‘स्मृतिचित्रां’त मिळतो.