शनिवारच्या घंटा

१२. ‘शनिवारी सकाळीच देवळाच्या घंटा वाजल्या आणि दुपारी घरात मटण शिजले’ : वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतील तरुण वाचकांना येथे लेखिकेची आठवण चुकली असे वाटेल. ती चुकलेली नाही. गुरुवारच्या मिस्सेत थांबलेल्या घंटा ईस्टरच्या जागरणविधीतील महिमास्तोत्रालाच पुन्हा वाजतात; मधल्या काळात लाकडी खटखट्यावर भागवायचे. आज हा विधी शनिवारी रात्री होतो : देवळाबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. पूर्वी मात्र हाच विधी शनिवारी सकाळी उरकत. अंधारावर मात करणारा प्रकाश लख्ख उन्हात मिरवायचा, हे विचित्रच. पण शतकानुशतके ते कोणाला खटकले नाही. १९१७च्या धर्मसंहितेप्रमाणे उपवासकाळाचे बंधनही शनिवारी दुपारी बारालाच सुटे. त्यामुळे चुलीवर मटण आणि कढईत ताडीने आंबवलेल्या पिठाचे फुगे, ही लेखिकेच्या आजीची घाई अगदी नियमात बसणारी होती. पोप बारावे पायस यांनी १९५१मध्ये जागरण रात्री करण्यास प्रायोगिक परवानगी दिली, आणि १९५५च्या आदेशाने १९५६पासून ते सर्वत्र बंधनकारक केले. उपवासही मध्यरात्रीपर्यंत लांबला. हे प्रकरण त्याआधीच्या काळातले आहे, म्हणून मूळ मजकूर बदललेला नाही. (सं.)