भूकंपीय प्रतिमांकन

भूकंपीय प्रतिमांकन (भूकंपीय टोमोग्राफी) म्हणजे भूकंपलहरींच्या प्रवासकाळावरून पृथ्वीच्या अंतर्भागाचे त्रिमितीय चित्र तयार करण्याची पद्धत होय. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचे जे कार्य असते, तेच येथे भूकंपलहरी करतात. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किमी असून सर्वांत खोल वेधनछिद्र जेमतेम १२ किमी आहे. त्यामुळे खोलवरची माहिती मुख्यतः या लहरींतूनच मिळते.

तत्त्व

प्राथमिक (पी) लहरी घन व द्रव या दोन्हींतून जातात. दुय्यम (एस) लहरी द्रवातून जात नाहीत. थंड, अभंग खडकांत लहरींचा वेग अधिक, तर तप्त वा भेगाळलेल्या खडकांत कमी असतो. एखादी लहर अपेक्षेपेक्षा उशिरा पोचल्यास वाटेत कोठेतरी मंदवेगी भाग आहे, एवढेच कळते. निरनिराळ्या दिशांनी त्या भागातून गेलेल्या अनेक लहरींच्या नोंदी एकत्र सोडविल्यावर त्याचे स्थान व आकार उमगतात.

इतिहास

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून पी व एस लहरी वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. इंगे लेमन यांनी १९३६ मध्ये आंतरगाभ्याचा शोध लावला. १९७० च्या दशकात केइती अकी व सहकाऱ्यांनी त्रिमितीय प्रतिमांकनाचा पाया घातला.

महाराष्ट्रातील महत्त्व

लोणार सरोवरासाठी प्रसिद्ध असलेल्या बुलढाणा जिल्ह्यासह राज्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. या थराखाली झाकलेले प्राचीन विभंग पृष्ठभागावरून दिसत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी स्थिर समजल्या जाणाऱ्या किल्लारी परिसरात भूकंप होऊन हजारो लोक मृत्युमुखी पडले. झाकलेल्या भूरचनेच्या अभ्यासाची निकड त्यातून स्पष्ट झाली. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर सतत धक्के नोंदले जात आहेत. तेथे १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने स्फोटजन्य लहरींच्या साहाय्याने भूकवचाचे छेद तयार केले. पुढे गोठणे येथे सुमारे ३ किमी खोल छिद्र घेतले असता बेसाल्टची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास आढळली.

मर्यादा

भूकंपमापन केंद्रे वा भूकंप विरळ असलेल्या प्रदेशाचे चित्र धूसर राहते. तेथे दूरच्या भूकंपांच्या लहरींचा आधार घ्यावा लागतो. या पद्धतीने भूकंपाची वेळ सांगता येत नाही. मात्र भूगर्भातील दुर्बल भाग ओळखून धरणे व इमारती यांच्या सुरक्षित बांधणीस तिची मदत होते.