पत्ता देणारी पेटी

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादच्या, मुख्य टपाल कचेरीचा पिन कोड ४३१००१. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांनी आखली व ती १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर सुरू झाली. पत्ता चुकला की पत्र भटकते, हे तुम्हांला मी काय सांगावे?

संगणकांचेही तसेच आहे. शाळेच्या संगणक-खोलीतल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. पूर्वी तो हाताने भरीत आणि वहीत टिपून ठेवीत. वही ठेवणाऱ्या गुरुजींची बदली झाली, की कुठलासा पत्ता दोन यंत्रांना जाई. मग दोघांचेही काम अडे!

१९८५ साली 'बूटपी' नावाची रीत निघाली. यंत्राने पत्ता मागावा आणि मध्यवर्ती यंत्राने यादी पाहून द्यावा. पण यादीत नाव नसलेल्या पाहुण्याला बहुधा हात हलवीत परतावे लागे. ही अडचण १९९३ मध्ये 'डीएचसीपी'ने सोडविली. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी तिचा मसुदा लिहिला. तिच्यात नवे काय? मुदत! धर्मशाळेतल्या खोलीसारखा पत्ता ठराविक काळापुरता मिळतो. अर्धी मुदत सरली की यंत्र ती वाढवून मागते. कायमचे निघून गेले, तर मुदतीअंती खोली दुसऱ्याला मोकळी. लहान जाळ्यात पत्ते २५४च असतात आणि कॉलेजात मोबाइल त्याहून जास्त येतात. तिथे मुदत दिवसांची नव्हे, तासांची ठेवावी.

सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीला स्विच म्हणतात. चांगल्या प्रतीचा स्विच हे वाटपाचे काम स्वतःच करतो. शिक्षक बंधुभगिनींनो, त्याला आधी छपाईयंत्रासारख्या कायम पत्त्यांच्या खोल्या राखून ठेवायला सांगा. मग वाटायच्या पत्त्यांची हद्द, बाहेर जायचा दरवाजा आणि मुदत लिहा. हा क्रम उलटा केलात, तर छपाईयंत्राचा पत्ता एखाद्या विद्यार्थ्याच्या यंत्राला जाईल. 'स्वयंचलित' म्हणतात खरे, पण तुम्ही लिहिले नाही ते त्या पेटीला कळणार कसे?

आणखी एक. कोणी घरचा वायफायचा डबा आणून उलटसुलट जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो आणि अर्धा वर्ग भलत्याच दरवाजाकडे वळतो. त्यावर स्विचमध्ये सोय असते: वाटपाचे उत्तर अमुक एका खाचेतूनच मान्य करायचे, बाकीच्यांचे अडवायचे. ती सोय पहिल्याच दिवशी चालू करून घ्या.