खाटा होत्या, भरवसा नव्हता

एप्रिल २०२१ आठवतोय ना? दिवसभर फोन, रात्रभर फोन. "बेड आहे का हो कुठे?" एवढा एकच प्रश्न. तेव्हापासून साथीचा विषय निघाला की आपण खाटा, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर मोजायला बसतो. ते मोजायलाच हवं, वाद नाही. पण आपल्याच मुंबई-पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी काय झालं ते पाहिलं, तर आणखी एक गोष्ट मोजावी लागते.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पालिकेने फर्मान काढलं की संशयित रोग्याला घरातून उचलून इस्पितळात न्यायचं, मग घरच्यांची मर्जी असो वा नसो. लोकांना काय दिसलं? माणूस आर्थर रोडच्या इस्पितळात जातो आणि परत येत नाही. आत काय करतात, कोण पाणी देतं, शेवटी कोण जवळ असतं, काहीच कळेना. अफवा उठल्या. ऑक्टोबर संपता संपता गिरणी कामगारांच्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. पालिकेला आणखी एक धास्ती होती. सफाई कामगारच शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. मग सक्ती थोडी सैल झाली.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला (हो, तोच, जो २०२० मध्येही वापरला गेला). पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष झाले वॉल्टर रँड. १३ मार्चपासून सुमारे ९०० शिपाई-अधिकारी कामाला लागले. घराघरांत झडत्या, बायकांची चारचौघांत तपासणी, सामानाची जाळपोळ, घरच्यांची रवानगी सेग्रिगेशन कँपात. कागदावर बघाल तर यंत्रणा चोख होती. शोधपथकं होती, इस्पितळ होतं, छावण्या होत्या. पण लोक रोगी लपवायला लागले. लपवलेला रोगी म्हणजे यंत्रणेच्या हिशेबात नसलेला रोगी. पुढे २२ जूनला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत काय केलं ते शाळेत सगळेच शिकलो. त्याआधीचे तीन महिने मात्र आपण फारसे वाचत नाही.

त्याच पुण्यात त्याच वेळी दुसरं कामही चालू होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ, गावाबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं, असं सांगतात. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. म्हणजे शिपाई पुण्याच्या घरांत शिरायच्या तीन दिवस आधी. लोकमान्य टिळकांनीही शहर न सोडता हिंदू प्लेग इस्पितळ उभारायला पुढाकार घेतला आणि स्वतः तिथे जात राहिले.

मुंबईतही तेच झालं. पारशी, जैन, मुसलमान आणि वेगवेगळ्या हिंदू जातींनी आपापली प्लेग इस्पितळं काढली. प्लेगवर तेव्हा उतारा नव्हता. या इस्पितळांत काही जादू होत नव्हती, माणसं तिथेही दगावतच होती. पण घरचं माणूस जवळ बसू शकत होतं, हातचं जेवण मिळत होतं, डॉक्टर ओळखीचा होता. म्हणून लोक तिथे जायला राजी व्हायचे. यात खोटही होती, ती झाकायला नको. ज्या जातीकडे पैसेवाला शेठ नाही, तिने कुठे जायचं? म्हणून मला माळावरचा तो दवाखाना मोठा वाटतो. तिथे रोग्याची ओळख विचारली जात नव्हती.

आता २०२० कडे या. मुंबईत सुरुवातीला खाटांसाठी सगळा भार एकाच हेल्पलाइनवर होता. मग पालिकेने २४ वॉर्डांत २४ वॉर रूम केल्या. वॉर्डातला माणूस वॉर्डातल्या रोग्याला फोन करायचा आणि खाट ठरवायचा. धारावीत तिथलेच खासगी डॉक्टर पथकांबरोबर गल्ल्यांत फिरले, कारण लोक दार त्यांनाच उघडत होते. हा १८९७ चाच धडा. फक्त आपण तो पुन्हा शिकलो, आणि तोही माणसं गमावून.

तेव्हा पुढच्या साथीसाठी खाटा वाढवाच. पण त्यासोबत आज, काही नसताना, आपल्या वॉर्डाची एक यादी करा. रात्री दोनला फोन कोण उचलणार? रुग्णवाहिका कोण चालवणार? मंडळाचा हॉल, शाळा, मशीद, समाजमंदिर यांच्या किल्ल्या कुणाकडे? कोणत्या डॉक्टरचा शब्द वस्ती ऐकते? जेवणाचे डबे कोण करणार? आणि ज्याच्यामागे ना मंडळ आहे ना शेठ, त्या भाडेकरूचं, त्या परगावच्या मजुराचं नाव यादीत आहे का?

साथ आल्यावर ओळख करून घ्यायला वेळ नसतो. तुमच्या वॉर्डात अशी यादी आहे का? असेल तर ती कुणाकडे आहे, ते खाली लिहा. नसेल तर तेही लिहा, म्हणजे सुरुवात कुठून करायची ते कळेल.