उष्णतारोधक लेप, वायू टर्बाइनमधील

वायू टर्बाइनची पाती आणि ज्वलनकक्षाच्या भिंती यांवर चढवलेला सिरॅमिकचा थर. आधुनिक टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यात शिरणारा वायू १,५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असतो, तर पाती ज्या निकेल मिश्रधातूंची घडवतात त्या १,३०० अंशांच्या आसपास वितळू लागतात. पात्याच्या पोकळीतून कॉम्प्रेसरची तुलनेने थंड हवा खेळवलेली असते. या हवेच्या जोडीने १०० ते ४०० मायक्रोमीटर जाडीचा लेप धातूचे तापमान १०० ते ३०० अंशांनी खाली ठेवतो. आतली हवा थांबली तर लेपाचा उपयोग नाही. धातू हळूहळू तापून वायूच्या तापमानाकडे जाईल.

लेपासाठी वजनाने ७ ते ८ टक्के यिट्रिया मिसळलेला झिरकॉनिया वापरतात. यिट्रियामुळे त्याच्या स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि उष्णता वाहून नेणारी कंपने तिथे विखुरतात. शिवाय तापल्यावर तो बऱ्याच सिरॅमिकांपेक्षा जास्त, म्हणजे धातूच्या बराच जवळपास प्रसरण पावतो. यिट्रियाचे हे प्रमाण नासाच्या क्लीव्हलंड येथील लुइस संशोधन केंद्रात स्टीफन स्टेक्युरा यांच्या प्रयोगांतून ठरले. याच केंद्राने १९७६ मध्ये जे-७५ इंजिनात लेप दिलेली पाती चालवून दाखवली. पुढे अनेक पदार्थ तपासले गेले, तरी झिरकॉनियाला पूर्णपणे बाजूला सारणारा पदार्थ सापडलेला नाही.

लेप दोन मुख्य रीतींनी देतात. प्लाझ्मा फवाऱ्यात वितळलेले थेंब पृष्ठभागावर आपटून चपटे होतात. त्यांच्यामधल्या आडव्या फटी उष्णता अडवतात, पण लेप सुटण्याची वाटही तयार करतात. इलेक्ट्रॉन शलाकेने बाष्प करून निक्षेपित केलेला लेप उभ्या स्तंभांचा असतो. तो उष्णता थोडी जास्त जाऊ देतो. मात्र धातू पसरला की स्तंभ एकमेकांपासून दूर होतात आणि ताण वाढत नाही. म्हणून विमान इंजिनांच्या फिरत्या पात्यांसाठी ही महाग रीत पत्करतात.

उच्च तापमानात लेपाची खरी कसोटी उष्णता किती अडवली ही नसून तो किती काळ चिकटून राहिला ही आहे. झिरकॉनिया उष्णतेला रोखतो, ऑक्सिजनला नाही. म्हणून धातू आणि सिरॅमिक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमयुक्त बंधक थर देतात. आत आलेल्या ऑक्सिजनमुळे त्यावर ॲल्युमिनाचे पातळ पटल धरते. ते दाट असल्याने पुढील ऑक्सिडीभवन मंदावते, पण थांबत नाही. इंजिन चालेल तसतसे पटल जाड होत जाते. यंत्र थंड होताना धातू जास्त आकसतो आणि ॲल्युमिना कमी, त्यामुळे पटलात काही गिगापास्कल इतका दाब साठतो. प्रत्येक चालू-बंद चक्रात बंधक थराला सुरकुत्या पडतात, बारीक भेगा जुळत जातात आणि शेवटी सिरॅमिकचा तुकडा उडतो. पटल ५ ते १० मायक्रोमीटर जाड होईपर्यंत बहुधा ही वेळ आलेली असते. सतत चालणाऱ्या वीजकेंद्रातील टर्बाइनपेक्षा वारंवार उड्डाण करणाऱ्या विमानाच्या लेपाला हा चक्रांचा मार जास्त बसतो.

१,२०० अंशांपलीकडे झिरकॉनिया स्वतःही बदलतो. त्यातील छिद्रे बुजतात, लेप ताठर होतो आणि उष्णता अधिक सहज वाहू लागते. स्फटिकाचे स्थिर रूप मोडून यिट्रिया कमी असलेला भाग वेगळा पडतो. थंड होताना हा भाग सुमारे ४ टक्के फुगतो व तडकतो.

धुळीचा धोका याच तापमानापासून सुरू होतो. हवेबरोबर ओढली गेलेली वाळू किंवा ज्वालामुखीची राख, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची ऑक्साइडे, पात्यावर वितळून काचेसारखी पसरतात. हा द्रव स्तंभांमधल्या फटींत झिरपतो आणि यिट्रिया विरघळवून घेतो. गोठल्यावर लेपाची लवचिकता संपते. वाळवंटी प्रदेशांतील इंजिनांसाठी हा प्रश्न विशेष गंभीर आहे.

यावर गॅडोलिनियम झिरकोनेट उपयोगी पडते. त्यातून उष्णता आणखी कमी वाहते आणि वितळलेल्या धुळीशी अभिक्रिया होऊन चटकन स्फटिक तयार होतात, त्यामुळे झिरपण्याच्या वाटा बुजतात. पण ते ठिसूळ आहे आणि ॲल्युमिनाशी त्याचे रासायनिक जमत नाही. म्हणून खाली नेहमीचा झिरकॉनिया आणि वर हे संयुग असा दुहेरी लेप देतात.