गुऱ्हाळातली नाव

शिडाची होडी शिकणारा आधी वारा ओळखायला शिकतो. काहील शिकणाऱ्याला आधी तिचं गरगरणं आवरावं लागतं. उसाचा रस आटवायची ही लोखंडी कढई पावसाळ्यात नाव होते, आणि कृष्णा-पंचगंगेच्या पुरात तिनं कितीतरी माणसं पैलतीरी नेली आहेत.

काहील मात्र एकट्या कृष्णाकाठची नाही. बेलापूर प्रवरेच्या काठचं. पाऊस इथं बेताचाच. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्यांनी पाणी खेळवलं आणि शिवारं उसानं भरली. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. जिथं ऊस तिथं गुऱ्हाळ, आणि गुऱ्हाळ म्हटलं की चुलवाणावर काहील आलीच.

तिची नाव का झाली, याचं उत्तर गुऱ्हाळाच्या हंगामात आहे. गुऱ्हाळ दिवाळीच्या आगेमागे लागतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतं. म्हणजे नद्या फुगतात नेमक्या त्या महिन्यांत काहील रिकामी पडून असते. होडी बांधायची तर लाकूड हवं, सुतार हवा, पैसा हवा. हे भांडं घरचंच, आणि मुळात गळू नये म्हणूनच घडवलेलं. तळ सपाट, कड वर उघडत गेलेली, कडेला उचलायच्या कड्या. त्या कड्यांतून हंगामात बांबू जातो, पुरात दोर. तळाचा व्यास आठ फूट असेल तर दहा सेंटिमीटर बुडताच ती साडेचारशे किलोंहून अधिक भार पेलते, तिचं स्वतःचं वजन धरून.

गोल नावांचं घराणं जुनं आहे. हिरोडोटसनं इ. स. पूर्व पाचव्या शतकात बॅबिलोनला येणाऱ्या, कातडं मढवलेल्या गोल नावांचं वर्णन केलंय. प्रत्येकीत एक गाढव असायचंच. माल विकला की सांगाडाही विकायचा आणि कातडं गाढवावर लादून पायी परतायचं, कारण प्रवाहाविरुद्ध ती नाव चालत नसे. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या डोमिंगो पाइशनं तिथल्या वेताच्या, चामड्यानं मढवलेल्या नावांची खोड टिपली: सरळ जात नाहीत, फिरत राहतात. काहील या घराण्यात जन्मली नाही. त्या नावा नाव म्हणूनच विणल्या गेल्या, ही चुलवाणावरून आली. तरी खोड तीच, कारण आकार तोच.

हिला ना नाळ, ना कणा. म्हणून शीडही उपयोगाचं नाही. वारा आडवा ढकलू लागला तर त्याला अडवायला पाण्याखाली काहीच नसतं. एका बगलेला वल्हं मारलं की गोल नाव जागच्या जागी घुमते. त्यामुळे जायच्या दिशेच्या कडेशी बसायचं, वल्हं पुढं टाकायचं आणि पाणी आपल्याकडे ओढायचं. बाकीच्यांनी मधोमध उकिडवं बसायचं. त्यांतला एकजण जरी कडेवर रेलला तरी पाणी आत येऊ शकतं. कुठं पट्टीचे पोहणारे कड्या धरून तिला रेटत नेतात, तर कुठं दोन्ही तीरांवर ताणलेला दोर हातानं ओढत जातात. दोर नसेल तर पैलतीरच्या घाटासमोरून निघून चालत नाही. बरंच वरच्या अंगाला चालत जाऊन तिथून काहील पाण्यात घालायची, म्हणजे ओढ तिला तिरकी खाली नेते आणि ती घाटालाच लागते.